सरकारवरचा विश्वास नेमका कशाने उडतो: भ्रष्टाचाराने की न लागणाऱ्या निकालाने?

कोरडवाहू (धागाकर्ता)

महाराष्ट्रात भ्रष्टाचाराची चर्चा नवी नाही आणि "सगळे सारखेच" हे वाक्यही नवे नाही. परंतु गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्या वाक्याचा सूर बदलला आहे असे मला वाटते. पूर्वी ते चिडून म्हटले जात असे, आता एसटीची वेळ सांगावी तितक्या थंडपणे सांगितले जाते. हा बदल कशामुळे झाला असावा यावर येथील जाणकारांची मते वाचायला मिळावीत, म्हणून धागा काढतो आहे. पक्षनिहाय उणीदुणी काढण्यासाठी येथे पुष्कळ धागे आहेत, तेव्हा ती येथे टाळावीत ही विनंती.

मी १९८१ पासून सुरुवात करतो. त्या काळी सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते आणि कोटा मंजूर झाल्याशिवाय बांधकाम पुढे सरकत नसे. मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या प्रतिष्ठानाला मिळालेल्या देणग्या आणि सिमेंटचे वाटप यांचा संबंध त्या वर्षी ऑगस्टअखेर वृत्तपत्राने मांडला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांनी १२ जानेवारी १९८२ रोजी असा संबंध असल्याचा निष्कर्ष दिला. अंतुले यांना पद सोडावे लागले. बातमीपासून निकालापर्यंतचा काळ पाच महिन्यांपेक्षाही कमी होता. पुढे १९८६ मध्ये शिवाजीराव पाटील निलंगेकर यांनाही, मुलीच्या एम. डी. परीक्षेतील गुणवाढीच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने ताशेरे ओढल्यानंतर, मुख्यमंत्रिपद सोडावे लागले.

आता 'आदर्श' पाहा. कुलाब्यातील ३१ मजली इमारतीवरून नोव्हेंबर २०१० मध्ये अशोक चव्हाण यांनी राजीनामा दिला. येथपर्यंत सारे जुन्या रीतीप्रमाणेच झाले. त्यानंतर मात्र चौकशी आयोगाचा अहवाल मंत्रिमंडळाने डिसेंबर २०१३ मध्ये आधी फेटाळला आणि टीका झाल्यावर पुढच्याच महिन्यात अंशतः स्वीकारला. खटला चालवण्याची परवानगी एका राज्यपालांनी २०१३ मध्ये नाकारली, दुसऱ्यांनी २०१६ मध्ये दिली आणि उच्च न्यायालयाने ती २०१७ मध्ये रद्द केली. इमारत पाडण्याचा उच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश सर्वोच्च न्यायालयात थांबला. आणि ज्या पक्षाने 'आदर्श'वरून रान उठवले होते, त्याच पक्षात चव्हाण यांनी २०२४ मध्ये प्रवेश केला.

सिंचनाचे प्रकरण तर याहून बोलके आहे. दहा वर्षांत सुमारे ७० हजार कोटी रुपये खर्च होऊनही ओलिताखालील क्षेत्राचे प्रमाण जेमतेम ०.१ टक्क्याने वाढले, असा अर्थ राज्याच्याच आर्थिक पाहणी अहवालातून निघत होता. मुख्य अभियंता विजय पांढरे यांचे पत्र गाजले, सप्टेंबर २०१२ मध्ये अजित पवार यांनी उपमुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला, श्वेतपत्रिका निघाली आणि डिसेंबरात ते पुन्हा त्याच पदावर आले. मग माधवराव चितळे यांची समिती झाली, तिचा अहवाल आला, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाची चौकशी सुरू झाली. या विभागाने नोव्हेंबर २०१८ मध्ये नागपूर खंडपीठात दिलेल्या प्रतिज्ञापत्रात पवार यांच्याकडे बोट दाखवले आणि डिसेंबर २०१९ मधल्या प्रतिज्ञापत्रात त्यांच्यावर फौजदारी जबाबदारी येत नाही असे सांगितले. खाते तेच, कागदपत्रे तीच, आणि दोन्ही म्हणणी शपथेवर केलेली.

यांतले खरे कोणते हे ठरवण्याचा अधिकार मला नाही आणि साधनेही नाहीत. परंतु माझ्यासारख्या कोरडवाहू शेतकऱ्याने, ज्याच्या शिवारात कालव्याची मोजणी होऊन पुढे पाणी आलेच नाही, यातून काय समजावे? पैसे खाल्ले गेले असतील तर शिक्षा कोणाला झाली? खाल्ले गेले नसतील तर त्या माणसाला इतकी वर्षे बदनाम का केले, आणि मग पाणी कुठे आहे? माझे म्हणणे एवढेच की लाच खाल्ली जाते या ज्ञानाने विश्वास उडत नाही, ते ज्ञान आमच्या आजोबांनाही होते. आरोपाचा निकाल कधीच लागत नाही, हो असाही नाही आणि नाही असाही नाही, हे वारंवार पाहून तो उडतो.

जुना दप्तरी

धागा उत्तम आहे, परंतु मुख्यमंत्री आणि मंत्री यांच्यापाशीच थांबू नये. मी महसूल खात्यात नोकरी करून निवृत्त झालो, त्यामुळे खालच्या पायरीवरचे चार शब्द लिहितो.

सामान्य माणसाचा सरकारशी संबंध येतो तो वारसनोंद, फेरफार, मोजणी, रेशनकार्ड, जातीचा दाखला एवढ्यापुरता. ज्या माणसाने मंत्रालय कधी पाहिले नाही, त्याचे सरकारविषयीचे मत तलाठ्याच्या टेबलासमोर तयार होते. (२०२४ मध्ये तलाठ्याचे पदनाम 'ग्राम महसूल अधिकारी' असे झाले, टेबल मात्र तेच आहे.) आणि त्या टेबलावर कोणी कधी "पैसे द्या" म्हणत नाही, हे येथील तरुण वाचकांनी लक्षात घ्यावे. "मंडळ अधिकारी मीटिंगला गेले आहेत", "नोटीस अजून बजावली गेली नाही", "सर्व्हर डाऊन आहे" असे सांगितले जाते. फेरफाराची नोंद घेतल्यावर हितसंबंधीयांना नोटीस काढून हरकतीसाठी पंधरा दिवस थांबावे लागते आणि हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. नियम चांगलाच आहे. पण सोळाव्या दिवसापासून पुढे तो कागद का पडून आहे, याचे उत्तर त्या नियमात सापडत नाही, आणि खरा व्यवहार सोळाव्या दिवसानंतरच सुरू होतो.

सातबारा संगणकावर आला, डिजिटल स्वाक्षरीचा उतारा पंधरा रुपयांत घरी मिळू लागला, ही फार मोठी सुधारणा आहे आणि ती नाकारणे अन्यायाचे होईल. उताऱ्यासाठी मोजावे लागणारे चहापाणी त्यामुळे खरोखरच बंद झाले. परंतु हस्तलिखित उतारे संगणकात भरताना नावांच्या आणि क्षेत्राच्या असंख्य चुका झाल्या. त्या दुरुस्त करण्यासाठी महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करावा लागतो. चूक सरकारच्या टंकलेखनाची, अर्ज शेतकऱ्याचा, अहवाल तलाठ्याचा आणि आदेश तहसीलदाराचा. जेथे उताऱ्याची वाट बंद झाली तेथे दुरुस्तीची उघडली. माझ्या मते लोकांचा विश्वास उडण्यात या कलम १५५ चा वाटा सिंचनापेक्षा कमी नाही.

लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून लागू आहे. सेवा मुदतीत न दिल्यास अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. माझ्या नोकरीच्या उरलेल्या काळात आमच्या कचेरीत असा दंड झालेला मी पाहिला नाही, कारण अपील करणारा अर्जदारच आला नाही. ज्याला पुढच्या वर्षी पुन्हा त्याच टेबलासमोर उभे राहायचे आहे, तो अपील करत नाही.

शाईपेन

धागाकर्त्यांच्या मांडणीत जुन्या दिवसांविषयी जी ओढ दिसते, तिच्याशी मी सहमत नाही. अंतुले यांचे पद १९८२ मध्ये गेले हे खरे, पण खटल्याचे काय झाले? त्या खटल्याने सर्वोच्च न्यायालयाच्या अनेक फेऱ्या केल्या आणि १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने, आपल्याच आधीच्या आदेशाने खटला विशेष न्यायाधीशांकडून उच्च न्यायालयाकडे वळवणे चुकीचे होते, असे ठरवले. अंतुले पुढे केंद्रात दोनदा मंत्री झाले. म्हणजे राजीनामा तेव्हा पटकन मिळत होता, पण आपण ज्याला निकाल म्हणता तो तेव्हाही लागत नव्हता. फरक पडला असेल तर तो राजीनाम्यापुरताच.

दुसरी गोष्ट. विश्वास उडाला म्हणता, तर २०२४ च्या विधानसभेला सुमारे ६६ टक्के मतदान कसे झाले? २०१९ पेक्षा ते चांगलेच जास्त होते. माझ्या घरातल्या तिन्ही बायका रांगेत उभ्या होत्या, आणि त्यांतल्या दोघींना शिवसेना कोणती आणि राष्ट्रवादी कोणती हे विचारून घ्यावे लागले होते. लोक सरकारला सोडून गेलेले नाहीत. 'लाडकी बहीण' योजनेचे महिन्याला १,५०० रुपये खात्यावर जमा होतात ही गोष्ट त्यांना पडताळून पाहता येते, सिंचनाची टक्केवारी पडताळता येत नाही. ज्यावर विश्वास ठेवता येतो तेवढ्यावर ते ठेवतात आणि बाकीचे सोडून देतात. मला हे निराशेपेक्षा व्यवहारज्ञानाच्या जवळचे वाटते.

ज्यांना खरोखर निषेध करायचा असतो ते 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण दाबतात. लातूर ग्रामीणमध्ये २०१९ साली या पर्यायाला २७ हजारांवर मते पडून तो दुसऱ्या क्रमांकावर राहिला. त्यामागे निषेधापेक्षा स्थानिक राजकारण होते असे तेव्हाही बोलले गेले, आणि ते मला खरे वाटते. म्हणजे निषेधाचे बटणसुद्धा पुढाऱ्यांच्याच उपयोगी पडते की काय अशी शंका येते.

वकिली चष्मा

शाईपेन यांनी अंतुले खटल्याचा उल्लेख केला ते बरे झाले. निकाल का लागत नाही, याचे उत्तर नैतिकतेत शोधण्यापेक्षा कायद्याच्या कामकाजात शोधावे असे मला वाटते. मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो आणि लाचेच्या खटल्यांत दोन्ही बाजूंनी उभा राहिलो आहे.

सापळा कसा रचला जातो हे पाहा. तक्रारदार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे जातो. आधी मागणीची पडताळणी होते, म्हणजे दोन सरकारी पंचांपैकी एकाला सोबत देऊन आणि रेकॉर्डर लावून त्याला पुन्हा त्या कर्मचाऱ्याकडे पाठवतात. मागणी पक्की झाली की तक्रारदाराने आणलेल्या नोटांचे क्रमांक पंचनाम्यात लिहून घेतात आणि त्यांना अँथ्रासीनची पूड लावतात. ही पूड साध्या डोळ्यांना दिसत नाही, अतिनील दिव्याखाली निळसर चमकते. तक्रारदाराला सांगितलेले असते की समोरच्याने मागितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत आणि दिल्यावर ठरलेली खूण करायची, मग ते डोक्यावरून हात फिरवणे असो की टोपी काढणे असो. खूण होताच पथक आत शिरते, पडदे ओढतात आणि दिव्याखाली बोटे, खिसा, टेबलाचा खण सारे तपासतात. हे काम आपल्याकडे मनापासून आणि बऱ्यापैकी काटेकोरपणे होते.

त्यानंतर मात्र घसरण सुरू होते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ खाली खटल्यास मंजुरी लागते आणि ती देणारा अधिकारी आरोपीच्याच खात्यातला असतो. आरोपी निलंबित होतो, निर्वाहभत्ता घेतो, आणि खटला उभा राहीपर्यंत अनेकदा दुसऱ्या टेबलावर परत आलेला असतो. साक्षीच्या दिवशी तक्रारदार फितूर होतो, कारण दरम्यान त्याचे काम झालेले असते आणि गावात राहायचे असते. तक्रारदार फितूर झाला किंवा वारला तरी इतर पुराव्यावरून मागणी सिद्ध करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. त्याचा उपयोग होतो आहे, पण सावकाश.

आता माझा खरा मुद्दा. हा सगळा सापळा रोख नोटांसाठी बनलेला आहे. पाच हजार रुपये घेणारा लिपिक त्यात सापडतो. निविदेची अट बदलणारा, प्रकल्पाची किंमत फेरमान्यतेत दुप्पट करणारा निर्णय ज्याने घेतला, त्याच्या बोटांना कोणतीही पूड लागत नाही. त्याचा निर्णय तपासायचा तर २०१८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १७अ खाली चौकशी सुरू करण्याआधीच सरकारची परवानगी घ्यावी लागते. जागीच पकडलेल्याला हे संरक्षण नाही, निर्णय घेणाऱ्याला आहे. प्रामाणिक अधिकाऱ्याला निर्णय घेताना भीती वाटू नये हा त्यामागचा हेतू मी समजू शकतो, आणि तो अगदीच पोकळ आहे असे म्हणणार नाही. परंतु परिणाम असा झाला की वर्तमानपत्रात रोज लिपिक आणि हवालदार पकडले गेल्याच्या बातम्या येतात, आणि वाचणाऱ्याला कळते की हे जाळे केवढ्या माशासाठी विणले आहे.

आणखी एक गंमत. लोकायुक्ताचा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिल्या राज्यांपैकी एक, १९७१ साली. पण त्या लोकायुक्ताला शिफारस करण्यापलीकडे अधिकार दिले नाहीत. मुख्यमंत्र्यांनाही कक्षेत आणणारे नवे विधेयक विधानसभेने डिसेंबर २०२२ मध्ये आणि परिषदेने डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर केले. एका सभागृहातून दुसऱ्यात जायला त्याला एक वर्ष लागले.

मोजमाप पुस्तिका

मी छोटा ठेकेदार आहे आणि येथे नेहमी फक्त वाचतो. ठेकेदारांना सगळेच शिव्या देतात, म्हणून थोडे लिहितो. टक्केवारी कामाच्या शेवटी द्यावी लागते असा समज आहे, तो अपुरा आहे. ती निविदा भरण्याआधी सुरू होते, कार्यादेशाला असते, मोजमाप पुस्तिकेत नोंद घालताना असते आणि देयक काढताना असते. जो अभियंता मोजमाप योग्य लिहितो त्याच्याकडे काम अडत नाही, असेही अभियंते आहेत, मी त्यांच्या हाताखाली काम केले आहे. पण देयक अडवण्याचे अधिकार अनेकांच्या हाती असतात आणि त्यांतला एक अडला तरी पुरे. मग डांबराचा थर पातळ होतो, याचे समर्थन मी करत नाही. रस्ता पहिल्या पावसात उखडला की लोक मला पकडतात, आणि लोकांच्या बाजूने पाहिले तर त्यांचे बरोबरच आहे.

मांडवीकाठ

गोव्याहून लिहीत आहे. तुमच्या सिंचनाचे जे आहे ते आमच्या खाणींचे. न्यायमूर्ती शहा आयोगाने बेकायदा खनिज उत्खननातून झालेले नुकसान सुमारे ३५ हजार कोटी रुपये काढले, त्याचा अहवाल २०१२ मध्ये संसदेत आला, खाणी बंद झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. ट्रक दारात उभे राहून गंजले आणि कर्जाचे हप्ते ट्रकवाल्यांनी भरले. आयोगाच्या आकड्याच्या मानाने वसुली किती झाली, ते विचारू नये.

परंतु मला लिहायचे आहे ते पक्षांतराविषयी, कारण आमच्याकडे विश्वास उडण्याचे खरे कारण तेच आहे. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी सत्ताधारी पक्षात विलीन होण्याचे जाहीर केले. दहावी अनुसूची १९८५ मध्ये आली ती पक्षांतर रोखण्यासाठी, पण दोन-तृतीयांश आमदार एकत्र गेले तर ते विलीनीकरण ठरते. एकटा गेला तर अपात्र आणि टोळीने गेले तर पात्र, असा तो हिशोब. फेब्रुवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयानेही त्या विलीनीकरणाला आक्षेप घेतला नाही.

म्हणून २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या क्रुसाजवळ आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ दिली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ११ पैकी ८ आमदार गेले. माझ्या ओळखीचे एक वयस्कर गृहस्थ आहेत, ते कोणत्याही पक्षाचे नाहीत. ते म्हणाले, मत फुटले याचे वाईट नाही वाटत, देवाला साक्षी ठेवले होते त्याचे वाटते. राज्यघटनेची शपथ मोडल्याबद्दल त्यांनी इतके दुःख कधी केले नव्हते, हेही नमूद करतो.

कोरडवाहू

सर्वांचे आभार. मांडवीकाठ यांनी लिहिले ते महाराष्ट्रालाही लागू आहे. जून २०२२ आणि जुलै २०२३ मध्ये आपल्याकडे दोन पक्ष फुटले. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी राज्यपालांचा बहुमत चाचणीचा निर्णय चुकीचा होता असे म्हटले, पण मुख्यमंत्र्यांनी आधीच राजीनामा दिल्यामुळे जुने सरकार परत आणता येणार नाही असेही म्हटले. चूक झाली हे मान्य, पण दुरुस्ती नाही. हा निकाल कायद्याने योग्यच असेल, परंतु चावडीवर तो समजावून सांगताना माझी भंबेरी उडाली होती.

शाईपेन यांचा मतदानाचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, तरी एक शंका राहते. खात्यावर पैसे येतात म्हणून ठेवलेला विश्वास पुढच्या हप्त्यापुरता असतो. त्याच योजनेत पुरुषांनीही लाभ घेतल्याचे २०२५ मध्ये उघड झाले तेव्हा आमच्या गावात कोणाला राग आला नाही, हसू आले. मला त्या हसण्याची जास्त काळजी वाटते.

आणि मतदानाचे म्हणाल तर मतदान करायला निवडणूक तरी व्हायला हवी. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आला. राज्यातल्या बहुतेक महापालिका, जिल्हा परिषदा, पंचायत समित्या यांची हीच अवस्था झाली. आरक्षण, प्रभागरचना, न्यायालय अशा कारणांनी निवडणुका लांबत राहिल्या आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कालमर्यादा घालून दिली तेव्हा कुठे चक्रे फिरू लागली. तीन वर्षांहून अधिक काळ वॉर्डातल्या नळाची तक्रार घेऊन जावे असा निवडून दिलेला माणूसच नव्हता. लोकांनी यावर मोर्चे काढले का? फारसे नाहीत. नगरसेवक नसल्याने काही बिघडले असे अनेकांना जाणवलेच नाही, यात नगरसेवकांविषयीचे मतही आलेच.

पूर्वेचा वारा

मी बरीच वर्षे सिंगापुरात आहे. तेथे २०२३ मध्ये ईश्वरन या मंत्र्यांची चौकशी सुरू झाली. व्यावसायिकांकडून भेटवस्तू घेतल्याचे प्रकरण होते, सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला आणि ऑक्टोबरमध्ये १२ महिन्यांची शिक्षा झाली. म्हणजे सुमारे सव्वा वर्षात आरोप ते तुरुंग. चौकशी करणारी संस्था पंतप्रधानांच्याच कार्यालयाखाली आहे, तरीही. येथले लोक सरकारवर प्रेम करतात असे नाही, घरांच्या किमतींवरून रोज कुरकुर असते. पण आरोप झाला की त्याचे काहीतरी होईल, हे गृहीत धरलेले असते.

वकिली चष्मा

पूर्वेचा वारा, उदाहरण मार्मिक आहे, परंतु तेथे वर्तमानपत्रांना आणि विरोधी पक्षांना किती मोकळीक आहे, तेही त्याच श्वासात सांगायला हवे. आपल्याकडे निवडणूक रोख्यांची योजना सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवली आणि महिन्याभरात कोणी किती रोखे घेतले नि कोणत्या पक्षाने वटवले याच्या याद्या जगासमोर आल्या. असे उघडे पडणे सिंगापुरात सहज शक्य झाले असते का, मला शंका आहे. आपल्याकडे उघडे पडते खूप, पुढे सरकत नाही.

शाईपेन

मग पुढे सरकवण्यासाठी आपण काय करू शकतो, हे कोणीतरी सांगा. "जागे व्हा" वगैरे नको. आपण येथे लिहिणारे दहा-बारा जण आहोत, आपल्याला जमेल असे काही असेल तर सांगा.

कोरडवाहू

माझ्या मनात माहिती अधिकाराचा अर्ज आहे. आपल्याच राज्यात अण्णा हजारे यांनी ऑगस्ट २००३ मध्ये आझाद मैदानावर उपोषण केले तेव्हा राज्याचा माहिती अधिकार कायदा अमलात आला, आणि दोन वर्षांनी केंद्राचा आला. लाचेच्या खटल्यांना परवानगी मिळण्याचे किती प्रस्ताव पडून आहेत, हे मंत्रालयाला विचारावे असे वाटते. वकील साहेबांनी मजकूर पाहून द्यावा.

जुना दप्तरी

अर्ज जरूर करा, पण अर्जदाराने आपला गाव आणि तालुका सांभाळून करावा, हे वयाच्या अधिकाराने सांगतो. तळेगाव दाभाडे येथे जानेवारी २०१० मध्ये सतीश शेट्टी यांची हत्या झाली. जमिनीचे व्यवहार ते माहिती अधिकारातून बाहेर काढत होते. एका नावाने एक अर्ज करण्यापेक्षा वेगवेगळ्या जिल्ह्यांतून अनेकांनी एकच अर्ज करावा. आणि उत्तर न मिळाल्यास तीस दिवसांनंतर पहिले अपील न चुकता करावे. आमच्या कचेरीत पहिला अर्ज आला की तो कोणाचा आहे याची चर्चा होई, अपील आले की फाईल कुठे आहे याची चर्चा होई.

वकिली चष्मा

"किती प्रस्ताव पडून आहेत" असे विचारू नका. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग मंजुरीसाठी प्रलंबित असलेल्या प्रकरणांची माहिती आपल्या संकेतस्थळावर देतो, त्यामुळे "संकेतस्थळ पाहावे" एवढेच उत्तर येईल आणि दहा रुपयांचे तिकीट वाया जाईल. जे तेथे नसते ते विचारा. कायद्याने मंजुरीचा निर्णय तीन महिन्यांत, आणि कायदेशीर सल्ला घ्यायचा असल्यास आणखी एका महिन्यात व्हावा अशी अपेक्षा आहे. तेव्हा चार महिने उलटलेल्या प्रत्येक प्रस्तावाच्या बाबतीत, प्रस्ताव खात्यात आल्याची तारीख, नस्ती कोणकोणत्या पदनामाच्या अधिकाऱ्याकडे कोणत्या तारखेला गेली आणि तेथून कोणत्या तारखेला निघाली, हे टिपणीच्या प्रतींसह मागा. कलम १७अ खालच्या परवानगीसाठी आलेल्या प्रस्तावांचीही तीच माहिती वेगळ्या अर्जात मागा, दोन विषय एका अर्जात घालू नका.

अधिकाऱ्यांची नावे मागू नका, पदनामे मागा. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मधला सार्वजनिक हिताचा अपवाद त्या कलमातून काढला आहे, आणि नाव दिसले की नकार देणे सोपे झाले आहे. कलम ८(२) मध्ये सार्वजनिक हिताची तरतूद अजून शिल्लक आहे, तिचा आधार अपिलात घेता येईल. खटल्यास बाधा येईल या कारणाने नकार येण्याचीही शक्यता आहे, म्हणून आरोपीविषयी काहीच विचारायचे नाही, केवळ नस्तीच्या प्रवासाच्या तारखा विचारायच्या.

'का' असे कुठेही लिहू नका. माहिती अधिकारात कारणांचा खुलासा मागता येत नाही, नोंद असलेली माहिती मागता येते. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांच्या आत ठेवा. मजकूर मी उद्या रात्री येथेच टाकतो. ज्यांना आपल्या जिल्ह्यातून अर्ज करायचा आहे त्यांनी कोणते खाते घेणार एवढे खाली लिहावे, म्हणजे सगळे अर्ज महसूल आणि गृह यांवरच पडणार नाहीत. जलसंपदा मी घेतो.

मोजमाप पुस्तिका

सार्वजनिक बांधकाम माझ्या भाच्याच्या नावाने टाका. माझ्या नावाने नको, माझे देयक अडकले आहे.